धूर कोणाच्या हाती?
(खेळण्यातल्या इंजिनाच्या धुराचा आणि त्यावरच्या नियंत्रणाचा इतिहास)

रेल्वेच्या इतिहासावर मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यात मार्ग, पूल, बोगदे, भाग-भांडवल आणि उद्घाटने यांना भरपूर जागा मिळाली आहे. धुराला फारशी मिळालेली नाही. ते स्वाभाविकही आहे. इंजिन संग्रहालयात ठेवता येते, तिकीट वहीत चिकटवून ठेवता येते, स्थानकाची दगडी इमारत शंभर वर्षे उभी राहते. धूर मात्र निघाला त्या क्षणीच विरायला लागतो. पण वाफेच्या इंजिनाचा धूर हा ते इंजिन त्या क्षणी किती कष्ट करते आहे याचा उघड हिशेब होता. तो हिशेब पुन्हा मांडता येईल का, या प्रश्नाचा मागोवा घेताना मी एका अनपेक्षित ठिकाणी पोचलो. ते ठिकाण म्हणजे छोट्या, खेळण्यातल्या इंजिनांत धूर सोडणारे यंत्र आणि त्याला बसवलेले डिजिटल नियंत्रण. या लेखात त्याचाच इतिहास सांगायचा आहे.

रेल्वेच्या कडेला वसलेले गाव

हा विषय जयसिंगपुरातल्या माणसाने का घ्यावा, हे आधी सांगितले पाहिजे. आमचे गाव रेल्वेमुळे वसले. मिरज-कोल्हापूर हा मार्ग कोल्हापूर संस्थानने स्वतःच्या पैशातून बांधला. 1888 मध्ये, वयाने लहान असलेल्या शाहू महाराजांच्या हस्ते त्याच्या कामाचा आरंभ झाला आणि 1891 मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. मार्ग मीटरगेज होता आणि गाड्या सदर्न मराठा रेल्वे चालवीत असे. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शाहू महाराजांनी या मार्गालगत बाजारपेठेचे नवे गाव वसवले आणि त्याला आपले जन्मदाते वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांचे नाव दिले. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या आणि आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही या गावाची ठेवण आजही तशीच आहे. तंबाखू, गूळ, शेंग असा माल बैलगाडीने यायचा आणि रेल्वेने जायचा. गावाची आखणीच रुळांना धरून झालेली.

मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात आयुष्य काढले. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या काही हौशी मंडळींनी परदेशातून आणलेली छोटी इंजिने दुरुस्तीला माझ्याकडे दिली आणि त्या निमित्ताने हा नाद लागला. पंधराएक वर्षांत अशा इंजिनांत डिजिटल नियंत्रण आणि धूरयंत्र बसवण्याची कामे केली, आणि ती करताना मिरजेच्या निवृत्त रेल्वे कामगारांकडे पुन्हा पुन्हा जाऊन बसलो.

मिरजेचे तीन रूळ आणि मोजपट्टी

मिरज जंक्शनची थोरवी अशी की, एके काळी तिथे तिन्ही गेज एकत्र नांदत होते. 1971च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. बेळगाव-लोंढ्याकडचा मार्ग 1990च्या दशकापर्यंत मीटरगेज राहिला. आणि पंढरपूरकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज तर त्याहूनही पुढे टिकली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने काढलेली ही रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली, 1906 मध्ये पंढरपूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली.

छोट्या गाड्यांच्या जगात सर्वाधिक प्रचलित प्रमाण 1:87 आहे. त्याला एचओ म्हणतात. या मापाने आपले तीन रूळ मोजून पाहिले, तर गंमत दिसते. ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. त्याला 87 ने भागले, तर 19.3 मिलिमीटर येतात. पण बाजारात मिळणारा एचओ रूळ 16.5 मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजवरून ठरला आहे. म्हणजे आपले ब्रॉडगेज इंजिन त्या रुळावर ठेवले की ते पायांपेक्षा अंगाने रुंद दिसते. मीटरगेजचे 11.5 येतात आणि 12 मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. बार्शी लाइटचे 762 मिलिमीटर भागिले 87 म्हणजे 8.76, आणि 9 मिलिमीटरचा रूळ तर जगभर मिळतो. देशातल्या सर्वांत मोठ्या गेजची प्रतिकृती करायला सर्वांत कठीण आणि वारकऱ्यांच्या छोट्या गाडीची सर्वांत बिनचूक, असा हा हिशेब आहे.

अंतर असे भागाकाराने लहान करता येते. धूर मात्र भागाकाराने लहान होत नाही. खऱ्या इंजिनाच्या धुराचे 87 पट लहान केलेले कण हवेत तसे वागत नाहीत, आणि छोट्या इंजिनात कोळसाही नसतो. म्हणून तिथे धूर वेगळ्या रीतीने निर्माण करावा लागतो आणि कधी, किती सोडायचा ते कोणाला तरी ठरवावे लागते. खरी अडचण इथून सुरू होते.

खऱ्या इंजिनाचा धूर काय सांगत असे

वाफेच्या इंजिनात काम करून झालेली वाफ सिलिंडरमधून सुटते आणि धुराड्याखालच्या नळीतून जोरात वर फेकली जाते. तिच्या ओढीने भट्टीतली गरम हवा बॉयलरच्या नळ्यांतून खेचली जाते आणि निखाऱ्यांना नवा वारा मिळतो. म्हणजे इंजिनावर ताण जितका जास्त, तितकी वाफ जास्त सुटणार, तितका विस्तव फुलणार आणि तितकी नवी वाफ तयार होणार. ज्याची गरज त्यानेच भागवायची, अशी ही रचना आहे. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार फटकारे बसतात. लहानपणी आपण तोंडाने जो ‘झुक् झुक्’ आवाज काढतो, तो हाच.

यातून एक गोष्ट लक्षात येते. जड गाडी घेऊन इंजिन जागचे हलते, तेव्हा त्याचा वेग जवळजवळ शून्य असतो आणि धूर व आवाज सर्वांत जास्त असतो. तेच इंजिन उताराला लागले, ड्रायव्हरने रेग्युलेटर बंद केला की, वेग भरपूर आणि धूर नाममात्र. वेग आणि धूर यांचे नाते असे बहुतेक वेळा उलटे असते.

रंगालाही अर्थ होता. पांढरा लोट म्हणजे थंड हवेत घट्ट झालेली वाफ. थंडीच्या पहाटे तो मोठा दिसायचा, वैशाखातल्या दुपारी जवळजवळ दिसायचाच नाही. काळाकुट्ट धूर म्हणजे न जळलेला कोळसा वर चालला आहे. तो फायरमनचा कमीपणा समजला जाई. एकदम फावडे भरभरून कोळसा टाकला की भट्टी गुदमरते. थोडा थोडा, भट्टीच्या कानाकोपऱ्यात पसरून आणि वेळेवर टाकला की धूर फिकट राहतो. जुन्या मंडळींशी बोलताना हे मला प्रत्येकाने आपापल्या शब्दांत सांगितले. वारीच्या दिवसांत छतापर्यंत माणसांनी लगडलेली पंढरपूरची गाडी मिरजेहून सुटताना कशी फुसफुसे, हे सांगताना त्यांचे हात नकळत फावड्याच्या हालचाली करतात. ते ज्ञान शब्दांपेक्षा हातांत जास्त आहे, आणि असे हात आता थोडेच उरले आहेत.

ग्वाल्हेरचे जेवणाचे टेबल ते जर्मनीची नळी

छोट्या गाडीवर ताबा कसा ठेवायचा, या प्रश्नाचे एक देखणे जुने उत्तर मराठी राजघराण्यातच सापडते. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावर चांदीची गाडी फिरते. ती महाराज माधवराव शिंदे यांच्या हौसेची खूण. हे तेच माधवराव, ज्यांच्या संस्थानात दोन फुटी गेजची ग्वाल्हेर लाइट रेल्वे धावली. गाडीच्या डब्यांवर इंग्रजीत शिंदे नावाचे एकेक अक्षर आहे, आणि तिच्यातून पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट फिरत. पाहुण्याने डब्यावरचे भांडे उचलले की गाडी थांबे, परत ठेवले की पुढे जाई. गाडी थांबवण्यासाठी सगळ्या टेबलाची वीज बंद करावी लागत नव्हती. हुकूम गाडीतच दिला जात होता. ही कल्पना लक्षात ठेवावी, कारण डिजिटल नियंत्रणाचा गाभा तोच आहे.

सर्वसाधारण विजेच्या खेळण्यांत मात्र असे नव्हते. तिथे रुळात जितके व्होल्ट सोडले तितकी मोटर फिरणार. रुळावर दोन इंजिने असली तर दोन्ही एकदम धावणार. 1946 मध्ये अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने धूर सोडणारे खेळणे आणले. सुरुवातीला दिव्याच्या उष्णतेवर रासायनिक गोळी तापवून धूर काढला जाई; पुढच्या वर्षी तारेची शेगडी आली. युरोपात जर्मनीच्या सॉयथे कंपनीचे धूरयंत्र रूढ झाले आणि आजही तेच सर्वाधिक दिसते. त्याची रचना साधी आहे. धातूच्या छोट्या टाकीत शुद्ध केलेले खनिज तेल. मध्ये केसासारखी बारीक नळी. नळीला गुंडाळलेली तापणारी तार. तेल नळीत चढते, तारेपाशी उकळते, आणि त्याच्या वाफेचा बुडबुडा वर येऊन धुराड्यातून पांढऱ्या लोटासारखा निघतो. जळत काहीच नाही. तेल काठोकाठ भरले, तर मात्र यंत्र धूर देत नाही, नुसते थुंकते.

आता दोष पाहा. जुन्या पद्धतीत धूरयंत्राला वीज रुळातूनच मिळते. असे यंत्र साधारण 10 ते 16 व्होल्टला नीट चालते. तारेत निर्माण होणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 12 व्होल्टऐवजी 6 व्होल्ट दिले, तर उष्णता निम्मी न राहता पाव होते. म्हणजे इंजिन जागचे हलते तेव्हा धूर अजिबात नाही, आणि पूर्ण वेगात गेले की धुराचा लोंढा. खऱ्या इंजिनाच्या बरोबर उलट! कित्येक दशके मुलांनी आणि मोठ्यांनीही हा उलटा धूर पाहिला आणि तो खरा मानला.

एकाच रुळावर अनेक हुकूम

वेग आणि धूर यांची फारकत करायची, तर रुळातली वीज कायम ठेवून इंजिनाला वेगळा हुकूम पाठवणे भाग होते. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने 1960च्या दशकात अॅस्ट्रॅक नावाची पद्धत आणली. तिच्यात पाच इंजिने स्वतंत्र चालवता येत. 1970च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या हॉर्नबीने झीरो वन काढली, तिच्यात सोळा. 1980च्या दशकात जर्मनीच्या मेर्कलिनची डिजिटल पद्धत आली आणि लेन्झ या जर्मन कंपनीनेही स्वतःची पद्धत विकसित केली. लेन्झचीच पद्धत पायाभूत धरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1990च्या दशकाच्या मध्यात सर्वांसाठी एक मानक ठरवले. त्याचे नाव डिजिटल कमांड कंट्रोल, थोडक्यात डीसीसी. मानक खुले असल्यामुळे एका कंपनीचे नियंत्रक आणि दुसऱ्या कंपनीचा डिकोडर एकत्र चालू लागले. हौशी माणसाच्या दृष्टीने ही मोठी मोकळीक होती.

या पद्धतीत रुळात कायम साधारण 14 ते 16 व्होल्ट असतात आणि त्यांची दिशा अतिजलद उलटसुलट होत राहते. उलटण्याच्या वेळेतच निरोप दडलेला असतो. अर्धा ठोका 58 मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’, 100 मायक्रोसेकंद किंवा जास्त असेल तर ‘शून्य’. मूळ निरोप तीन भागांचा: कोणत्या इंजिनाला, काय हुकूम, आणि मजकूर बिनचूक आला की नाही हे तपासणारा आकडा. सेकंदाला असे शंभरावर निरोप जातात. इंजिनात बसवलेला नखाएवढा डिकोडर आपला क्रमांक आला की ऐकतो, दुसऱ्याचा असला की सोडून देतो. टपालाच्या पेटीत सगळ्या गल्लीची पत्रे पडावीत आणि प्रत्येकाने आपलेच उचलावे, असा हा व्यवहार आहे. मोटर, दिवे आणि धूर यांना आता वेगवेगळे हुकूम देता येतात.

बसवताना काय लागते

इथे हाताचे काम येते. जुन्या इंजिनात मोटरचा एक ब्रश बहुधा धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो. डिकोडर बसवण्याआधी तो पूर्ण सुटा करावा लागतो, नाहीतर पहिल्याच चाचणीला डिकोडर जळतो. तारांचे रंग ठरलेले आहेत: लाल आणि काळी रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, निळी म्हणजे सर्वांची सामाईक धन बाजू, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्याला, आणि हिरवी पहिल्या जादा कामाला. धूरयंत्र बहुधा हिरव्यावर जाते.

धूरयंत्राचा खरा घोटाळा त्याच्या धातूच्या अंगात असतो. त्याची एक बाजू अनेकदा सांगाड्याला टेकलेली, म्हणजेच एका रुळाला जोडलेली असते. तशीच ठेवली, तर डिकोडरमधून येणारा प्रवाह लहरीच्या अर्ध्या भागातच वाहतो, यंत्राला निम्मीच ताकद मिळते आणि धूर कोमट राहतो. म्हणून यंत्र उष्णता सोसणाऱ्या नळीत बसवून सांगाड्यापासून वेगळे करायचे आणि त्याच्या दोन्ही तारा निळ्या-हिरव्याला जोडायच्या. डिजिटलच्या जास्त व्होल्टेजसाठी मुद्दाम बनवलेले यंत्र घेणे बरे. त्याला किती मिलिअँपिअर लागतात आणि डिकोडरचा तो फाटा किती सोसतो, हे आधी मोजायचे. कमी पडत असेल, तर मध्ये एक ट्रान्झिस्टर घालायचा. प्लास्टिकचा बॉयलर असेल, तर धुराड्याच्या आतून पितळी नळी. आणि डिकोडर धूरयंत्रापासून शक्य तितका दूर, कोळशाच्या डब्यात: तेल आणि उष्णता दोन्ही त्याचे वैरी.

एवढे केले की, धूर वेगापासून सुटा होतो. कळ दाबली की सुरू, सोडली की बंद. पुढची पायरी म्हणजे डिकोडर ती वीज तुकड्या-तुकड्यांत देऊन धुराचे प्रमाण कमी-जास्त करतो: उभे असताना मंद, निघताना जोरात, सम वेगात मध्यम. अलीकडे मोठ्या मापाच्या इंजिनांत छोटा पंखा असलेली यंत्रेही येतात. तो पंखा चाकाच्या फेऱ्याशी जुळवून लोट फेकतो, म्हणजे एका फेऱ्यात चार फटकारे, आवाजासकट.

आकडे कोण भरणार?

यंत्राने इतके स्वातंत्र्य दिले की, प्रश्न माणसाकडे परत येतो. डिकोडरमध्ये एक तक्ता असतो आणि त्यात आकडे भरावे लागतात: निघताना धूर किती, किती सेकंदांनी कमी व्हायला लागावा, उतारावर किती उरावा. कंपनीने भरून दिलेले आकडे युरोपातल्या थंड हवेतल्या, तिथल्या कोळशावरच्या इंजिनांचे असतात. मिरज-पंढरपूरच्या उन्हाळ्यातल्या गाडीचे आकडे कुठल्याही पुस्तिकेत नाहीत. ते फक्त ज्यांनी फावडे चालवले त्यांच्या आठवणीत आहेत.

म्हणून काही इंजिनांच्या बाबतीत मी हे काम उलट्या क्रमाने केले. आधी निवृत्त फायरमन-ड्रायव्हर मंडळींसमोर छोटे इंजिन चालवायचे, ते ‘अजून’ किंवा ‘बास’ म्हणतील तसा आकडा बदलायचा आणि वहीत लिहायचे: कोणता मार्ग, कोणता ऋतू, भरलेली गाडी की रिकामी, स्थानक सोडताना की पुलावर चढताना. बहुतेकांनी कंपनीचा धूर सम वेगाला फार जास्त ठरवला आणि निघताना फार कमी. पंखा नसलेल्या साध्या यंत्रालाही या बदलाने वेगळीच जान येते. काळा धूर छोट्या इंजिनात काढता येत नाही, सगळा पांढराच निघतो. त्यामुळे फायरमनच्या चुका त्यात दिसत नाहीत, एवढी उणीव राहतेच.

महाराष्ट्रात या हौसेला लोकांसमोर नेण्याचे मोठे श्रेय पुण्याच्या भाऊ जोशी यांना जाते. त्यांनी कोथरूडमध्ये उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून लोकांना खुले आहे. घाट, बोगदे, स्थानके, रस्ते असे अख्खे छोटे शहर तिथे रुळांभोवती वसलेले आहे, आणि शाळेच्या सहलींमधून आलेल्या मुलांच्या पिढ्यांनी गाड्यांचे वेळापत्रक, सिग्नल, रुळांची आखणी यांचा पहिला धडा तिथे घेतला आहे. एका माणसाच्या हौसेने केवढे सार्वजनिक काम होते, त्याचे ते उदाहरण आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात किंवा स्थानकांबाहेरच्या चौथऱ्यांवर खरी इंजिनेही आपण जपली आहेत. पण ती थंड आहेत. रंग दिलेले लोखंड उरते; ते किती झिजून, कसे आणि कोणाच्या घामावर चालत होते, हे त्यावरून कळत नाही.

मिरज-कोल्हापूर मार्गावर आता विजेची इंजिने धावतात. पंढरपूरचा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. नॅरोगेजवर फावडे चालवलेला माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे. त्याच्या आठवणी लिहून घेताना आपण बहुतेक वेळा अपघात, पूर, संप आणि वरिष्ठांच्या गोष्टी विचारतो. त्यासोबत हेही विचारावे, अशी माझी विनंती आहे: कृष्णेचा पूल ओलांडून गाडी पुढे निघाली की धुराचा रंग कसा असे, कोळसा किती वेळाने टाकावा लागे, रेग्युलेटर कुठे बंद होई. एखाद्या छोट्या इंजिनापुढे त्यांना बसवून विचारले, तर उत्तरे फार नेमकी येतात, असा माझा अनुभव आहे. ती उत्तरे आकड्यांत उतरवून ठेवता येतात. माझ्या वहीत आजवर अकरा जणांचे आकडे आहेत. त्यांपैकी चौघे आता हयात नाहीत. त्यांनी सांगितलेला धूर मात्र कळ दाबली की आजही त्याच बेताने निघतो.